गर्दीतली हाक

“आधी चहा संपवा, मग गाणं. नाहीतर कुणीतरी नाचायला उठेल आणि माझ्या फ्रेमा चहात पडतील,” चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. सुटीच्या दिवशी त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात ‘गंज’ या बँडचे चाहते जमत. सगळे पन्नाशी-साठीचे. एके काळी कमरेपर्यंत केस वाढवलेला लॉन्ड्रीवाला आता आरशात बघून टक्कल पुसत होता. बँड अजून वाजवत होता आणि पहिला ड्रमर चांगला की दुसरा, यावर ही मंडळी अजून हमरीतुमरीवर येत होती.

आज मात्र भांडण नव्हतं. बँडच्या सर्वांत जुन्या कार्यक्रमाची रेकॉर्ड साफसूफ करून कंपनीने तिची नवी सीडी काढली होती. ती सकाळीच हाती आली होती आणि अजून कुणीही ऐकली नव्हती.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या एक्स-रेवाल्या ताईंचा चहा तसाच निवला होता. दवाखान्यात दिवसभर लोकांना ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’ सांगणारी ही बाई आज स्वतः सोडायला विसरली होती.

त्याला कारण ‘बंद दार’ हे गाणं. शेवटच्या कडव्याआधी त्यात सगळी वाद्यं एकदम गप्प होतात. त्या शांततेत गर्दीतून कुणीतरी ओरडलेलं जुन्या रेकॉर्डवर आलं होतं: “थांब...” आणि पुढे एक शब्द, शिट्ट्यांत बुडालेला. चाहत्यांनी तो ‘थांब रे’ असा लावला. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात त्या जागी सगळं मैदान ‘थांब रे!’ ओरडायचं, आणि गायकही माइक पुढे धरून त्याची वाट बघायचा. ती पहिली हाक आपली, असं चष्मेवाले सांगत. ड्रमर घाई करत होता म्हणे, म्हणून आपण ओरडलो. त्या एका हाकेच्या जोरावर गडी चाहत्यांचा अध्यक्ष झाला होता.

कोपऱ्यातली ती मात्र तिथे ‘थांब, चिमे’ ऐकत आली होती. चिमी म्हणजे तीच. दादा तिला त्या कार्यक्रमाला घेऊन गेला होता आणि त्याचा हात सोडून ती स्टेजकडे पळाली होती. पुढच्याच वर्षी कावीळ होऊन दादा गेला. फोटो उरले, आवाज कुठेच उरला नाही. असलाच तर या रेकॉर्डवर. नवऱ्याला एकदा ऐकवलं, तर तो म्हणाला, “अगं, शिट्टी आहे ती.” त्यानंतर तिने कुणाला ऐकवलं नाही, दार लावून एकटीच ऐकत राहिली. आज ते ‘रे’ निघालं, तर इतकी वर्षं ती कुणा परक्याच्या ओरडण्यावर रडत होती. आणि कंपनीने गर्दीच पुसून टाकली असली तर? तिचा जीव टांगणीला लागला होता.

“अध्यक्ष, आज तुमची परीक्षा,” लॉन्ड्रीवाल्याने चिमटा काढला. “शिट्ट्या पुसल्यात म्हणे. बघू काय निघतंय!”

“निघायचंय काय दुसरं? माझा गळा मला ओळखू येणार नाही होय?” चष्मेवाले हसले, पण हसता हसता त्यांनी स्वच्छ चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“मग लावा की!”

गाणं सुरू झालं. आवाज इतका लख्ख होता, की मांडणीतल्या फ्रेमा थरथरू लागल्या. एकजण गायला लागला, त्याला दुसऱ्याने कोपराने गप्प केलं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिला वाटलं, उठावं आणि शटरखालून वाकून निघून जावं. नाही कळलं तर नाही कळलं, आहे ते काय वाईट आहे? पण ती स्टुलाची कड धरून बसून राहिली.

वाद्यं थांबली.

सवयीने दोघातिघांनी तोंड उघडलं, पण शब्द तोंडातच राहिला. शेजारच्या खोलीतून यावा इतका जवळून एका तरुण पोराचा, काळजीने चिडलेला आवाज आला: “थांब, चिमे!”

“ओ!”

ओ तिने दिली. दिली कसली, तोंडातून गेली. घरात हाक आली की जाते तशी. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने तोंडावर हात दाबून धरला होता आणि डोळे घळाघळा वाहत होते.

शेवटचं कडवं वाजत राहिलं आणि कुणीही गायलं नाही.

चष्मेवाले सावकाश उठून तिच्याजवळ आले. “तुमचे कोण, ताई?”

“दादा.”

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, “खणखणीत आवाज होता हो त्यांचा.” गाणं मागे नेण्याचा रिमोट त्यांनी तिच्या हातात ठेवला आणि आपल्या अध्यक्षाच्या खुर्चीकडे न जाता ते इतरांबरोबर बाकावर जाऊन बसले.