ज्याला खोकला आला नाही

कांद्याची लागवड आटोपून मंजुळाबाई घरी आली तेव्हा सगळं घर खोकत होतं. सासू भिकुबाई चुलीपाशी, दीर भिकन गोठ्यात, दोन्ही पोरी गोधडीत. पिंपळनेरकडच्या डोंगरांवरून आठ दिवस बोचरा वारा सुटला होता आणि गल्लीतलं एकही घर सर्दीतून सुटलं नव्हतं. खोकत नव्हता तो एकटा अभिमन, तिचा नवरा.

दीड वर्षापूर्वी शेळ्यांसाठी निंबाचा पाला छाटताना तो फांदीसकट खाली आला आणि मान मोडली. हात थोडे हलत. छातीखाली अंग नुसतं लाकूड. आवाज तेवढा शाबूत राहिला होता. रोज सकाळी खाटेवरून तो "चांद्याऽ" म्हणून बैलाला हाक मारी, बैल दावणीला मान वळवी, आणि मगच त्या घराचा दिवस सुरू होई.

"बठ्ठं घर खोकस, पन मन्हा आंडोर नही," भिकुबाई लेकाकडं बघत म्हणाली. "एक दुख दिधं, देवनी दुसरं नही दिधं."

मंजुळाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. ताप नाही, खोकला नाही. तिला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याचे पाय उडाले. एरवी कधीमधी बारीक थरथर येई. आज गुडघे आपोआप वर आले आणि खाट कुरकुरली.

"वहिनी, देख, पाय हाली ऱ्हायनात," भिकननं हाक दिली.

गल्ली गोळा झाली. म्हाताऱ्या झिपरू आबानं गुडघा दाबून पाहिला. "नसा जाग्या व्हई ऱ्हायन्यात. पोळालगून हाऊ आऊत धरी."

"आबा, तुन्हा पाय ते चांगला शेतस. तू कव्हय आऊत धरं?" शेजारची यशोदाबाई म्हणाली.

लोक हसले. अभिमनही हसायला गेला, पण तोंडातून नुसता वारा आला.

बुडत्याला काडी दिसली की तो पाण्याची खोली पाहत नाही. भिकुबाईनं कुलदेवीला नारळ बोलला. दोन दिवस तिघांनी आळीपाळीनं तिळाचं तेल लावून पाय चोळले. छातीकडं कोणाचं लक्ष गेलं नाही.

"कसं वाटस?" मंजुळाबाईनं विचारलं.

"थकनू." तो थांबला, श्वास घेतला. "बोलानं... जीववर येस."

"पाय येतीन ते ताकद लागीच," ती म्हणाली आणि न खाल्लेली भाकरी परत टोपल्यात ठेवली.

तिसऱ्या सकाळी ती गोठ्यात शेण काढत होती. हाकेची वेळ टळून गेली. चांद्या खाली मान घालून रवंथ करत होता. तिनं खाटेकडं पाहिलं. अभिमनचे ओठ हलत होते. तो हाक मारत होता. हाक ओठांच्या बाहेर येत नव्हती. ओठ निळे पडले होते.

जीप करून धुळ्याला नेईपर्यंत दुपार झाली.

"खोकला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नही, सायेब. एक डाव बी नही."

डॉक्टरांनी छातीवरची नळी काढली. "बाई, खोकायला छातीपोटाचा जोर लागतो. यांचा तो मानेबरोबरच गेला. घरातलीच सर्दी यांना झाली, कफ आत साचत राहिला. अशा माणसाला ताप येईलच असंही नाही. आवाज बारीक होणं, थकवा, पाय जास्त उडणं, एवढंच दिसतं."

"पाय ते बरा व्हई ऱ्हायना व्हतात," ती म्हणाली.



दुसऱ्या दिवशी अभिमन गेला.

दहाव्याला अंगणात माणसं बसली होती. भिकुबाईला खोकल्याची उबळ आली. लोकांत बरं दिसत नाही म्हणून तिनं तोंडात पदर कोंबला. मंजुळाबाई उठली, तिच्यापाशी जाऊन बसली आणि तो पदर हळूच ओढून काढला.

"खोक, माय," ती म्हणाली. "खोक."