शिशाखालची गल्ली

मी शिसं आहे. आधीच सांगतो, कारण लोक मला लोखंड समजतात आणि तो माझा अपमान आहे. लोखंड गंजतं. मी गंजत नाही. दोन किलोचा गोल ठोकळा, वर बोटांत धरायला बोंडी, तळाला हिरव्या बनातीचं कापड. काम एकच, कागद हलू द्यायचा नाही. पन्नास वर्षं तेच केलं आणि चोख केलं. एकदाच, जागचा न हलता, माझ्याकडून फार वाईट झालं. ते सांगायचं आहे.

माझा जन्म पाणीपुरवठ्याच्या कार्यशाळेतला. तिथल्या फिटरने जुन्या नळांचे सांधे वितळवले आणि स्वतःच्या डब्याच्या झाकणात मला ओतलं. ते झाकण त्याने पुन्हा घरी नेलं नाही. मी गार झाल्यावर मला उचलून तो नकाशांच्या खोलीत गेला आणि त्याने मला तरुण आरेखकाच्या टेबलावर आदळलं.

"घे रे. आता वाऱ्याचा बाप आला तरी तुझा कागद हलायचा नाही."

हा आरेखक म्हणजे शहराचे नळ, झडपा आणि टाक्या कागदावर काढणारा माणूस. कमी बोलायचा. शाईने काढलेली रेघ त्याने कधी खोडली नाही. खोडायची वेळ येऊ देऊ नये, असं त्याचं म्हणणं. इतर लोक टेबलावर चहाचे कप ठेवत, कोपर टेकत, एकमेकांच्या पट्ट्या पळवत. त्याच्या टेबलाला कोणी हात लावत नसे. मला ते आवडायचं.

मग ती दुपार आली.

सीमेवर काहीतरी चाललं होतं. पेपरात मोठमोठी अक्षरं होती. एक अधिकारी आला, त्याने दार लावून घेतलं आणि टेबलावर शहराचा नकाशा पसरला. म्हणाला, "यावर तीन वर्तुळं काढायची. बॉम्ब पडला तर काय उरेल, त्याचा हिशेब आहे. पहिल्यात काही उरणार नाही. दुसऱ्यात भिंती उरतील. तिसऱ्यात माणसं उरतील, पण..."

"पण काय, साहेब?"

"ते तुमचं काम नाही."

आरेखकाने कंपास हातात घेतला. मग मला उचललं आणि नकाशावर एका जागी ठेवलं. माझ्याखाली एक गल्ली होती. अकरा घरं. त्यातल्या चौथ्या घरात त्याची बायको होती, सातवा महिना चालू होता.

"वजन उचला," अधिकारी म्हणाला.

"कागद हलेल, साहेब."

"उचला."

त्याने मला उचललं. पहिल्या वर्तुळाची रेघ त्याच्या छपराच्या बाहेरून गेली. घर आत राहिलं. रेघ स्वच्छ आली, कुठेही तुटली नाही. पण माझी बोंडी धरलेली डाव्या हाताची बोटं बर्फासारखी गार होती. मी धातू आहे, गार काय असतं ते मला कळतं.

बॉम्ब पडला नाही. नकाशा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. आरेखकाने घरी एक शब्द काढला नाही. त्या दिवसापासून तो घरात दोन बादल्या पाणी भरून ठेवायला लागला, आणि चपला दाराकडे तोंड करून. शेजारीण थट्टा करायची, "कुठं निघालात भावजी?"

मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन गेली. आरेखक निवृत्त झाला. बाकीच्यांनी निरोपाला घड्याळ घेतलं. याने लेखी अर्ज केला, 'वापरातून बाद झालेलं एक शिशाचं वजन मिळावं.' मी बाद झालो नव्हतो. पण त्याच्याबरोबर जायचं म्हणून ते शब्द मी गिळले.

घरी मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि नाव मिळालं. त्याच्या बायकोची नजर तोवर जवळजवळ गेली होती. घरातल्या वस्तू ती हाताने ओळखायची. पहिल्यांदा मला चाचपलं आणि हसली. "अगं बाई, काय हा ढोल्या!" तेव्हापासून मी ढोल्या.

गेल्या वर्षी नात आली. मुलीची मुलगी. एका कंपनीत खेळ बनवायचं काम करते. पडद्यावरचे, बोटांनी खेळायचे. एका सकाळी मोठा कोरा कागद घेऊन आली.

"आजोबा, एक नकाशा काढून द्या ना. हाताने काढलेला हवाय. तुमचं नाव लागेल खाली."

"कशाचा?"

"एका शहराचा. बॉम्ब पडून तीस वर्षं झाल्यावरचा. कुठल्या भागावर कोणाची सत्ता, कोण कोणाशी भांडतं, सीमा कुठे, असं सगळं."

मला वाटलं आरेखक नाही म्हणेल. पण त्याने कागद टेबलावर पसरला आणि मला कोपऱ्यावर ठेवलं. त्याला दुसरं कुठलं शहर येत होतं? त्याने हेच काढलं.

नात म्हणाली, "मी विचार केलाय, उत्तरेला तीन डोळ्यांच्या माणसांचं राज्य ठेवू."

"दोन डोळ्यांचीच पुरेशी वाईट असतात. आधी सांग, पाणी कुठाय?"

"पाणी?"

"मग राज्य कशावर करणार? टेकडीवर टाकी आहे. टाकी ज्याच्या हातात, तो राजा. लिही, टाकीवाले."

तिने लिहिलं. मग तो एकेक सांगत गेला आणि शाईने काढत गेला. रेल्वेच्या यार्डात रुळवाले. त्यांच्याकडे लोखंड, म्हणून हत्यारं. नदीच्या खालच्या बाजूला मिठाची गोदामं, तिथे मीठवाले. मीठ नसेल तर कुठलंच अन्न टिकत नाही, म्हणून त्यांच्या दारात सगळे झुकणार. सीमा कशी ठरवायची? पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन माणूस दिवस मावळायच्या आत जिथवर जाऊन परत येईल, तिथवर त्याचं राज्य. त्यापलीकडे राखायला माणूसच पुरत नाही.

"आणि पूल कोणाचा?" नातीने विचारलं.

"कोणाचाच नाही. म्हणून तिथेच सगळे मरतील."

हे तो इतक्या सहज बोलला की नातीची पेन्सिल थांबली. तिला खेळ वाटत होता. तो सेहेचाळीस वर्षं मनात वागवलेलं वाचून दाखवत होता.

आजी पलंगावरून म्हणाली, "तुमच्या तिन्ही राज्यांत बाया आहेत की नाही? बाळंतपणं कोण करणार, राजे?"

नात हसली. "आजी, बरोबर! दाई कुठल्या राज्यात ठेवायची?"

"कुठल्याच नाही. दाईला तिघांनीही वाट द्यायची. तिला अडवलं तर पुढच्या वर्षी भांडायला माणसं कुठून आणतील?"

"लिही," आरेखक म्हणाला. बायकोचं म्हणणं त्याने एका झटक्यात मान्य केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

थोड्या वेळाने नातीचा फोन वाजला. ती बोलत बोलत जिन्यात गेली. आजी उठली, चाचपडत टेबलापाशी आली.

"अहो, आपली गल्ली कोणाकडे गेली?"

आरेखकाने पेन खाली ठेवलं. मला कोपऱ्यावरून उचललं आणि कागदाच्या मधोमध ठेवलं. बोटं गार. अगदी त्या दुपारसारखी. या वेळी 'वजन उचला' म्हणणारा कोणी नव्हता.

"कोणाकडे नाही," तो म्हणाला. "वर ढोल्या बसलाय."

तिने माझ्यावर हात ठेवला, थोपटलं. "मग काळजी नाही."

मला केवढा अभिमान वाटला! आरेखकाने माझ्या कडेकडेने राख दाखवणाऱ्या बारीक रेघा ओढल्या, पडलेल्या भिंती काढल्या, सीमा काढल्या. सगळ्या रेघा माझ्यापर्यंत यायच्या आणि थांबायच्या. तीन दिवस मी जागचा हललो नाही. माझ्याखाली पांढरा, कोरा, सुखरूप कागद होता.

चौथ्या दिवशी नातीने नकाशा गुंडाळून नेला, कंपनीत त्याचे फोटो काढले आणि परत आणून दिला. आरेखकाने तो टेबलावर पसरला. मी पुन्हा माझ्या जागी, गल्लीवर.

सहा महिने गेले. एका रविवारी दुपारी नात धावतच आली.

"आजोबा, खेळ तयार झाला! गुरुवारी बाहेर पडतोय. आधी तुम्हाला दाखवते." तिने लॅपटॉप उघडला. "आजी, तू इथे बस. मी सांगते तसं ऐक."

पडद्यावर त्याच्याच रेघा होत्या. त्याचंच अक्षर. टाकी, यार्ड, गोदामं. माणसं चालत होती, पुलावर धूर होता. आरेखक बघत होता आणि त्याची हनुवटी जराशी वर गेली होती. खूश झाला की ती वर जाते.

"आणि आजी, मधोमध एक खड्डा आहे. गोल. इतका खोल की तळ दिसत नाही. आतून वारा येतो, ऐक." तिने आवाज वाढवला. खोलीत एक पोकळ घुमणं भरलं. "टाकीवाले, रुळवाले, मीठवाले, सगळे याला घाबरतात. बॉम्ब इथेच पडला ना!"

आरेखकाची हनुवटी खाली आली.

"हे कोणी काढलं?"

"तुम्हीच तर! अख्ख्या शहरात रेघा आणि मधे एक गोल, कोरा. आमचे सर फोटो बघून म्हणाले, काय डोकं आहे तुझ्या आजोबांचं, न बोलता सगळं सांगितलं. पूर्ण गोष्ट त्या खड्ड्याभोवती बांधलीय आम्ही."

आजी मान वळवून ऐकत होती. "ते ठीक आहे गं. पण त्यात ढोल्या कुठे ठेवलाय?"

"ढोल्या कशाला असेल, आजी?"

"असं कसं? त्याच्याखाली आपली गल्ली आहे ना."

नातीने पडद्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या नकाशाकडे. तिने मला बोंडीला धरून उचललं. खाली कोरा गोल होता. तिने मला पुन्हा त्यावर ठेवलं. कडेला कड बसली. केसभरही फरक नव्हता.

"आजोबा," ती म्हणाली आणि तिने लॅपटॉपचा आवाज बंद केला.

मी तेव्हा काय होतो ते तुम्हीच सांगा. वाचवायला बसलो होतो. बॉम्बचं माप झालो.

"नकाशा चुकलाय," आरेखक म्हणाला. "माझी चूक." हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. "तुझ्या साहेबांना सांग. दुरुस्त करून देतो."

तिने लगेच फोन लावला. बराच वेळ हो, नाही, पण सर, असं चाललं. फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरले होते. "आता नाही होणार म्हणतात. खड्डा काढला तर खेळच उरत नाही."

"मग माझं नाव काढा त्यातून."

"अहो, झालंय तरी काय?" आजीने विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. अधिकारी, बंद दार, तीन वर्तुळं, पहिल्याच्या आत चौथं घर. उभ्या उभ्या सांगितलं, साहेबापुढे हजेरी दिल्यासारखं. हिला कधी कळू द्यायचं नाही म्हणून त्याने सेहेचाळीस वर्षं ते दाबून धरलं होतं. आता ते तिच्या पुढ्यात पडलं.

आजीने मान हलवली. मग म्हणाली, "मला वाटलंच असं काहीतरी. सेहेचाळीस वर्षं माणूस चपला दाराकडे तोंड करून ठेवतो, बायकोला कळणार नाही?"

"मग विचारलं का नाहीस?"

"सांगितलं असतंत?"

"नाही."

"मग?"

नातीला हसू की रडू कळेना. आजी उठून टेबलापाशी आली. मला दोन्ही हातांनी उचललं आणि कागदाच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. "दौत उघडा," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही काढा."

तिला दिसत नव्हतं, पण गल्ली तिला पाठ होती. पहिलं घर शिंप्याचं, शिवणयंत्र ओट्यावर. दुसऱ्याची पायरी तिरकी. तिसऱ्यात बहिरी मावशी, कडी जोरात वाजवायची. चौथं आपलं. मग नळ. तो काढत गेला. हात आता थरथरतो त्याचा. घरं वाकडी आली. त्याने एकही रेघ पुन्हा ओढली नाही. प्रत्येक घरात नाव लिहिलं. आमच्या घरात दोन नावं लिहिली, आणि थोडं थांबून, बारीक अक्षरात, 'ढोल्या'.

गुरुवारी खेळ बाहेर पडला. खाली त्याचं नाव नाही. नात सांगते, हजारो लोक खेळतात आणि सगळे आधी खड्ड्याच्या काठाशी जाऊन आत डोकावतात. वरच्या मजल्यावरचा भाडेकरूही खेळतो. दुपारी त्याच्या खिडकीतून ते पोकळ घुमणं खाली येतं. आमच्याच गल्लीत बसून तो आमच्याच गल्लीच्या खड्ड्यात बघत असतो आणि त्याला ठाऊक नाही. मी ते ऐकतो. शिसं थरथरत नाही म्हणतात. म्हणोत.

मी कोणापुढे हात जोडले नाहीत. मला हातच नाहीत. पण एवढं ऐका. ज्याच्यासाठी जीव धास्तावतो, त्याच्यावर माझ्यासारखं काही ठेवून गप्प बसू नका. कोरी जागा दिसली की दुसरा माणूस तिथे खड्डाच बघतो. तिथे नावं लिहा. वाकडी आली तरी लिहा.

आता मी कोपऱ्यावर असतो. तीच माझी खरी जागा. दारात चपलांचे दोन जोड आहेत, दोन्ही बाहेर तोंड करून. दुसरा आजीचा.

कधी विमान छपरांच्या अगदी वरून जातं. काचा वाजतात. मग आरेखकाचा हात कागदावरून सरकत माझ्याकडे येतो, गार बोटं बोंडी धरतात आणि मला गल्लीकडे ओढू लागतात.

"राहू द्या," आजी पलंगावरून म्हणते. तिला न बघता कळतं.

तो हात मागे घेतो. पण दर वेळी थोडा उशिरा.