बोंड्याचा कोपरा

"वं इंदू, हे पाह्य! तुह्या लाडक्यानं माह्या नमाजच्या जागेवर काय सांडून ठेवलं!"

जैबुनबी ओसरीच्या टोकावरून ओरडल्या. त्यांच्या हातात कागदाचा तुकडा होता आणि त्यावर काळे गोल दाणे. "मले वाटलं, मिरे सांडले. डबीत भरून राह्यली होती मी, अल्ला! बोटानं दाबून पाह्यलं तवा समजलं."

इंदूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू काही दाबलं गेलं नाही. ती हसली ती भिंतीला टेकून खाली बसेपर्यंत हसली. उकंडा चहाचा कप घेऊन दारातच थांबला. घरमालकिणीच्या रागाकडे त्याचं लक्षच नव्हतं. आपली बायको अशी मोठ्यानं हसते, हे तो विसरूनच गेला होता.

"हास तू, हास," जैबुनबी म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज उतरला होता. "ससा ठेवा, मी नाई म्हनत नाई. खुदाचा जीव हाय. पन माही जागा पाक राह्यली पाह्यजे. रमजान लागायच्या आत शिकवा त्याले. नाई शिकला तं देऊन टाका कोनाले. सांगून ठेवते."

"शिकवतो ना, बी," उकंडा म्हणाला. "जनावर हाय, मानूस थोडाच हाय? शिकते ते."

आर्णीच्या बाजारामागच्या गल्लीत जैबुनबीच्या दोन खोल्यांत उकंडा आणि इंदूबाई कितीतरी वर्षांपासून राहत होते. एक मुलगी झाली होती. रांगायला लागली होती, तेवढ्यात तापानं गेली. इंदूबाई तेव्हा कापूस वेचायला जायची. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, उन्हातून आली अन् तशीच पाजायला बसली, तापलेलं दूध बाधलं पोरीला. ते एकदा कानात शिरलं ते शिरलंच. पण डॉक्टरांनी उकंडाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, ताप मेंदूत गेला, त्यात कोणाचा दोष नाही. आणि उकंडानं तेच घरी येऊन तिला सांगितलं होतं. बायांचं बोलणं आठवून जीव कासावीस झाला की ती एवढंच विचारायची, "डाक्तर तसंच म्हनले होते ना?" तो म्हणायचा, "तसंच म्हनले होते." मग ती कामाला लागायची. नवऱ्याच्या त्या एका शब्दावर तिनं पुढचं आयुष्य काढलं होतं.

ससा आला तो बोंडअळीच्या वर्षी. इंदूबाई ज्यांच्याकडे भांडी घासायची, त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. त्या साली अळीनं बोंडं आतून पोखरली, गावोगावचा कापूस काळा पडला, आणि दुकानाचं शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही. मालक बायकोपोरांना घेऊन यवतमाळला निघाले. निघताना मालकीणबाई म्हणाल्या, "इंदूबाई, हा ससा तुम्हीच न्या. नाहीतर बोक्याच्या तोंडी जाईल." तिनं तो पदरात घातला. वाटेनं येताना तिला वाटलं, हे पांढरंशुभ्र फुटलेलं बोंडच आहे, त्या साली कोणाच्या शेतात न दिसलेलं. म्हणून तो बोंड्या.

उकंडा कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगला लागून असलेल्या तेलमिलमध्ये ढेपेची पोती भरायच्या कामावर होता. सरकीतून तेल काढल्यावर मागे राहते ती ढेप. कापूसच नाही तर सरकी कुठून येणार? मिल एक दिवस चालायची, दोन दिवस बंद राहायची. त्यामुळे सशाला शिकवायला त्याच्याकडे वेळच वेळ होता.

मिलमध्ये त्यानं हे सांगितलं मात्र, मुकादम मारोतरावांना दिवसभराचा विषय मिळाला.

"काय उकंडा, सश्याले संडासले बसवून राह्यला म्हनते?"

"हो ना. कोपरा शिकवून राह्यलो."

"लेका, तुहं नावच उकंडा. त्याले दुसरी जागा कायले पाह्यजे?"

सगळे हसले. उकंडाही हसला. या नावावर तो जन्मभर हसत आला होता. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं त्याला जन्मल्या जन्मल्या शेणाच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं आणि नावही तेच दिलं. असल्या नावाकडे यम ढुंकून पाहत नाही म्हणतात. तो जगला. यमानं पाहिलं नाही, आणि पुढं इतरही कोणी फारसं पाहिलं नाही.

सशाला मारून काही शिकवता येत नाही, हे त्याच्या सगळ्यात आधी लक्षात आलं. इंदूबाईनं एकदा झाडणी उगारली, तर बोंड्या कोठीमागं दडला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मग उकंडा नुसता बघत बसू लागला. बोंड्या शेपूट जरा वर करतो, मागं मागं सरकतो आणि कोपरा धरतो. तो कोपरा देव्हाऱ्याखालचा होता.

"आता काय करता?" इंदूबाई म्हणाली. "देवाच्या पुढ्यात!"

"त्यानं जागा निवडली, आपून नाई. देवालेच सरकवू थोडं."

देव खिडकीकडे गेले. कोपऱ्यात जुनं घमेलं आलं, त्यात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा. सांडलेल्या लेंड्या उकंडा वेचून त्याच घमेल्यात टाकायचा, की त्याला वासानं जागा समजावी. बोंड्या घमेल्यात चढला आणि झोपला. दुसऱ्या दिवशीही झोपला. लेंड्या मात्र ओसरीवरच.

"बिछाना झकास झाला म्हनते तो," इंदूबाई म्हणाली. "गादीवर कोन बसते संडासले?"

मग उकंडानं घमेल्याच्या काठाला चारा बांधला. खाता खाता त्याचं काम व्हायला लागलं. काम झालं की लगेच बक्षीस द्यायचं, असं त्यानं ठरवलं. आणि बक्षीस म्हणून त्याला जगात एकच गोष्ट सुचली. आर्णीपासून पांढरकवड्यापर्यंत कोणालाही विचारा. गाय व्याली, द्या ढेप. बैल खंगला, द्या ढेप. म्हैस दूध चोरते, द्या ढेप. जनावरावर जीव असेल तर माणूस ढेपेला मागंपुढं बघत नाही. मिलमध्ये पोत्यांखाली चुरा सांडलेला असायचा, तो न्यायला कोणी हरकत घेत नसे. उकंडा तो रुमालात बांधून आणायचा. घमेल्यात काम झालं की चिमूटभर बोंड्यासमोर धरायचा. आधी त्यानं तोंड फिरवलं. उकंडानं त्यात गूळ कुस्करला. मग खायला लागला.

बोंड्या शिकला. ओसरीवरून उड्या मारत आत यायचा, घमेल्यात बसायचा, उतरून उकंडाच्या गुडघ्यावर पुढचे पाय टेकवायचा आणि हिशेब मागितल्यासारखा बघायचा. इंदूबाई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवायची. जैबुनबींनी सलग आठवडाभर ओसरी तपासली आणि निकाल दिला, "आमच्या नातवाले, आसिमले, अजून सांगा लागते. हा बरा हाय त्याच्यापक्षा."

संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की दोघं पूर्वी मुकाट जायची, मुकाट यायची. आता इंदूबाई वाटेनं बोलायची. "आज बोवा म्हनले, देव लेकराच्या रूपानं येते. मले तं बाप्पा बोंड्याच दिसला." उकंडा मान हलवायचा. त्याला कीर्तनातलं फार कळायचं नाही. पण चाल धरली की त्याचा ऊर भरून यायचा, आणि बायको बोलत चालली की त्याला वाटायचं, कीर्तन अजून सुरूच आहे.

उन्हं तापायला लागली आणि बोंड्या मलूल झाला. खाईना. कुशी भराभर वरखाली व्हायला लागल्या. उकंडानं गूळ जास्त घालून ढेप दिली. अशक्तपणाला तेच तर देतात. दोन दिवसांनी बोंड्यानं तेही नाकारलं. उकंडानं त्याला पिशवीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. इंदूबाई भांड्यांना गेली होती.

डॉक्टरांनी टेबलावर घेऊन कान लावला. "काय खायला देत होता?"

"चारा. मेथी. अन् चांगली ढेप देत होतो, साहेब. रोज. सरकीची, मिलची."

डॉक्टरांनी बोंड्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "गाय-म्हशीचं पोट वेगळं असतं, काका. सरकीत एक विष असतं, ते रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला पचतं. सशाला नाही पचत. अंगात साठत जातं, मग हृदय धरतं."

"पन मी तं चांगलं म्हनून…"

"माहीत आहे. पुष्कळांना ठाऊक नसतं."

टेबलावरच बोंड्यानं एकदा पाय झाडले. नंतर पिशवी तेवढ्याच वजनाची होती, पण उकंडाला ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

घरी इंदूबाई आधीच आली होती. पिशवीकडे बघून तिला कळलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मेथीनं झालं का? परवा मी धुतलेली मेथी तशीच देल्ली, ओली. पोट धरलं अशीन त्यानं."

उकंडानं तोंड उघडलं. ढेप हा शब्द अगदी ओठावर आला. बक्षीस देताना आपल्या गुडघ्यावर टेकलेले ते पाय त्याला दिसले. तो म्हणाला, "उन्हाचं झालं. ऊन लागलं."

"उन्हाचं कुठचं? घरात तं होता," ती म्हणाली. "मेथीच ती. माहाच हात."

त्याला तेव्हा नाही म्हणता आलं असतं. तो ओसरीवर जाऊन बसला.

त्यानंतर इंदूबाईनं मेथी घरात आणली नाही. शेजारणीनं विचारलं की सांगायची, "ओली मेथी खाऊ घातली मी. माहीच अक्कल गेली होती." उकंडा ऐकायचा. आज सांगू, उद्या सांगू करत त्याचे दिवस गेले. हे दुःख जुनं झालं की आपोआप निघून जाईल, असं त्याला वाटत होतं.

रमजान लागायच्या आधी जैबुनबींच्या जिवाला राहवलं नाही. त्यांचा भाचा गफ्फार पांढरकवड्याला असायचा. त्याच्याकडून त्यांनी करड्या रंगाचं एक पिल्लू मागवलं आणि स्वतःच्या ओढणीत गुंडाळून आणलं. "घे इंदू. त्या पांढऱ्यासाठी मीच तुले बोलली होती. हा माह्याकडून. ओसरी खराब करीन तं करू दे."

इंदूबाईनं पिल्लू छातीशी धरलं. तिचा चेहरा उजळला. ती घाईनं आत गेली, फळीवरची ढेपेची पुडी काढली आणि चिमूट पिल्लाच्या तोंडाशी नेली. "याले मेथी नाई देनार मी, बाप्पा. तुमची ढेपच बरी. पयल्यापासूनच शिकवू."

उकंडानं तिचं मनगट धरलं.

"नको देऊ."

"काहून?"

"सश्याले जहर हाय ते."

ती हसलीच आधी. "काय बोलता!"

"डाक्तरनं सांगतलं. बोंड्या ढेपेनं गेला, इंदू. माह्या हातानं. तुही मेथी नव्हती ते."

जैबुनबी दारातच उभ्या होत्या. त्यांनी नजर खाली केली.

इंदूबाईनं बोटांवरचा चुरा पदराला पुसला. "तुमाले कवा समजलं?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "अन् मी साऱ्या गल्लीत सांगत फिरली, माह्या हातानं मेला म्हनून. तुम्ही आयकत होते."

पिल्लू तिच्या हातात हुंगत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांत भलतंच काही आलं. रागापेक्षा वेगळं, आणि वाईट.

"आपल्या पोरीच्या वक्तीही डाक्तर तुमच्याशीच बोलले होते," ती म्हणाली. "मी भाईर होती. काय म्हनले होते डाक्तर?"

"इंदू…"

"खरं काय म्हनले होते?"

"जे तुले सांगतलं तेच. ताप मेंदूत गेला. पांडुरंगाची आन. तेच म्हनले होते."

आणि ते खरं होतं. त्याच्या आयुष्यात एवढं खरं दुसरं काही नव्हतं. पण तिनं मान हलवली नाही. तिनं पिल्लू उचलून जैबुनबींच्या ओढणीत परत ठेवलं.

"तुमच्याकडंच राहू द्या, बी. तुमचे उपकार. पन आमच्या घरी नको."

"अगं, तो बिचारा भल्यासाठीच…"

"हो ना," इंदूबाई म्हणाली. "मी कुठं नाई म्हनते?"

आणि ती स्वयंपाकाला लागली. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी भांडण केलं नाही, अबोलाही धरला नाही. जेवायला वाढलं, कपडे धुतले, बोलायला लागतं तेवढं बोलली. फक्त "डाक्तर तसंच म्हनले होते ना?" हे पुन्हा कधी विचारलं नाही. उकंडा त्या प्रश्नाची वाट बघायचा. कधी कधी आपणहून सांगावं असं वाटायचं. पण न विचारता दिलेली साक्ष कोण मानतो?

अधिक महिन्यात देवळात सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी दुपारी काल्याचं कीर्तन होतं. "चालते का कीर्तनाले?" त्यानं विचारलं. "तुम्ही या जाऊन," ती म्हणाली. "मले काम हाय."

तो एकटाच गेला, खांबापाशी बसला. बोवांनी गोकुळातला काला रंगवला. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कोणाची शिळी भाकर, कोणाचं दही, कोणाचं लोणचं, सगळं एकत्र कालवलं; आणि देवानं घास घेताना कोणाचं काय आहे, हे विचारलं नाही. मंडपात टाळ्या उसळल्या. बायका डोळे पुसत होत्या. उकंडानंही हात जोडले. मग वाटप सुरू झालं. त्यानं पळसाच्या पानावर दोघांचा काला घेतला, वर दुसरं पान ठेवलं आणि उन्हातून जपत जपत घरी आणला.

इंदूबाई तांदूळ निवडत होती. त्यानं पान पुढं केलं. "घे. काल्याचा प्रसाद."

तिनं हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि पान दोन्ही हातांत घेतलं. कपाळाला लावलं. मग वरचं पान बाजूला करून आत बघितलं.

"यात काय काय हाय?" तिनं विचारलं.

उकंडा तिच्यासमोर खाली बसला. एका बोटानं एकेक दाणा बाजूला करत तो सांगायला लागला.

"हे लाह्या. हे भिजली डाळ. दही… काकडी हाय थोडीशी. अन् हे डाळिंबाचे दाने."