ईप्सिताची जागा

“निर्णय सोपा नव्हता,” आयर्लंडचे प्रशिक्षक फोनवर म्हणाले. “पण तुझा वेग कमी झालाय.”

ईप्सिताने वाद घातला नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिलाही ते जाणवत होतंच. कॉर्क शहरात वाढलेली ही मराठी मुलगी दहा वर्षं आयर्लंडच्या बचावफळीत खेळली होती. जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये दिवसा गिअरबॉक्सची डिझाइन्स, संध्याकाळी क्लबची हॉकी आणि बोलावणं आलं की हिरवी जर्सी, असं तिचं आयुष्य. आता पुढच्या आठवड्यात इथेच, जर्मनीविरुद्ध सामना होता आणि संघात ती नव्हती.

स्वयंपाकघरात आई थालीपीठ लावत होती. शोभनाताईंची सगळी नोकरी कॉर्कच्या हॉस्पिटलात, नर्स म्हणून गेली. कधी रात्रपाळी, कधी रजा नाही. लेकीला देशासाठी खेळताना त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या मुद्दाम या सामन्यासाठी आल्या होत्या.

“आई, मला नाही घेतलं.”

शोभनाताईंनी तवा उतरवला. “दुखतंय का गं?”

“गुडघा? नाही.”

“गुडघ्याचं नाही विचारत मी.”

तेव्हा मात्र ईप्सिताला रडू फुटलं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी केटीचा फोन आला. ईप्सिताच्या जागी निवडलेली ही मुलगी जेमतेम कॉलेजात जाणारी. “त्यांच्या पेनल्टी कॉर्नरला मी काय करू? भीती वाटतेय,” ती चाचरत म्हणाली.

ईप्सिता खुर्ची ओढून बसली. “स्टिककडे बघू नकोस. मारणारीचा खांदा बघ. तो जिकडे वळेल, तिकडे धाव. आणि एकदा निघालीस की थांबायचं नाही.” केटीचा आवाज स्थिर होईपर्यंत ती समजावत राहिली.

“सगळं सांगून टाकलंस?” आईने विचारलं.

“मैदानात ती एकटी पडायला नको, आई.”

“मग उद्या जायचं ना आपण?”

“जायचं तर.”

दुसऱ्या दिवशी आयर्लंडचं गीत सुरू झालं. मैदानात मुली एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून रांगेत उभ्या राहिल्या. वर प्रेक्षकांत ईप्सिताही उठली. तिच्याही नकळत, सवयीने तिचा हात बाजूला उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला.

एक पाऊल सरकून शोभनाताई लेकीच्या हाताखाली ताठ उभ्या राहिल्या.