एकोणीस कुप्या

धागा पापणीच्या केसाच्या निम्म्या लांबीचा होता, एका टोकाला किंचित वाकलेला. इंजेक्शनची कुपी पांढऱ्या फळीसमोर धरून हलकेच फिरवली, की तो सावकाश खाली उतरायचा. औषध कारखान्यातल्या तपासनीसबाईंनी ती कुपी बाद केली. पुढचीतही तोच धागा, तसाच वाकलेला.

त्या दिवशी बाईंनी एकोणीस कुप्या बाद केल्या. फेरतपासणीत एकोणीसच्या एकोणीस स्वच्छ निघाल्या आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. धागा कुपीत नव्हता, डोळ्यात होता. बावीस वर्षांची नोकरी, तीही डोळ्यांच्या जिवावर!

पुढे चार महिने त्या प्रत्येक कुपी दोनदा बघत राहिल्या, जेवणाची सुट्टी बुडवून. "नव्या मुलींना तुम्हीच शिकवा," असं विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, की बाई गुडघा दुखत असल्याचं सांगून टाळत.

"गुडघ्याने बघतेस का गं?" सगळं कानावर आल्यावर असं म्हणत शेवटी धाकट्या बहिणीने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

बाहुल्या मोठ्या करून डॉक्टरांनी आतून तपासलं. "पडदा उत्तम आहे," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. बाईंचा जीव काही भांड्यात पडेना.

ते दवाखान्यातल्या सिस्टरनी ओळखलं. त्यांनी टेबलावरची बाटली उचलली. आत पारदर्शक जेल, जेलमध्ये दोऱ्याचा तुकडा. एका बाजूने टॉर्च लावला. मागच्या कागदावर वाकडी सावली पडली.

"डोळ्यात अशीच जेली असते, ताई. वयाप्रमाणे ती पातळ होते, तंतू एकत्र येतात. तुम्हाला दिसते ती त्यांची सावली."

"जाणार नाही?"

"असेल, पण हळूहळू लक्ष जाणार नाही. सासूबाईंच्या टोमण्यांसारखं! मात्र अचानक खूप ठिपके आले, विजा चमकल्या किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी यायचं. उद्यावर टाकायचं नाही."

बाईंनी बाटली मागून घेतली आणि सवयीने फिरवली. मग हात स्थिर ठेवून नुसती नजर फिरवली.

"म्हणजे नजरेबरोबर हलेल तो माझा," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि कुपीबरोबर हलेल तो कुपीचा."

"अगदी!"

बाई चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळं हसल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम दिसताच त्या थेट समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गुडघा कसा आहे?" मॅडमनी विचारलं.

"गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, मॅडम. त्या एकोणीस कुप्यांतला धागा माझ्या डोळ्यातला होता. नव्या मुलींना मी शिकवते. पहिला धडा त्याचाच."