टायमरची बिरुदं

सिबोंगिलेबाईंनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली.

"राहू देत उभे," घरात येत त्या म्हणाल्या. "सकाळपासून बोंबलतायत, पण एक शब्द धड असेल तर शपथ."

बाहेर नवरदेवाकडचे तिघे होते. मागणी घालायला आलेल्यांनी फाटकाबाहेरून मुलीच्या कुळाची बिरुदं पुकारायची, घरच्यांचं मन भरलं की आत यायचं, अशी रीत. बोलायला आणला होता नवरदेवाचा मामा झेकी, टॅक्सी-स्टँडवर रांगा लावणारा. त्याने "न्झिमा! म्वेलासे!" एवढी दोन बिरुदं पुकारली, पुढची विसरला आणि सरळ स्टँडच्या बोलीवर आला.

"एइता, मंडळी! सगळं शार्प ना? टायमर आहे ना घरात? उघडा की, ऊन लागतंय."

"टायमर म्हणे. माझा भाऊ काय भिंतीवरचं घड्याळ आहे?" बाईंनी नाक मुरडलं. चाळीस वर्षं शाळेत झुलू शिकवली होती त्यांनी. "गटारातून उचललेली भाषा. आणि असल्यांच्या घरात आपली मुलगी द्यायची."

"आत्या, स्टँडवर सगळ्याच म्हाताऱ्यांना टायमर म्हणतात," नवरी खोलिवे हळूच म्हणाली. "बारापर्यंत फाटक उघडलं नाही तर ते निघतील. आज परत गेले तर पुन्हा यायचे नाहीत."

"बरंच झालं. इडा पिडा टळली."

कोपऱ्यातल्या खुर्चीत खोलिवेचे वडील अल्फियस बसले होते. जन्मभर टॅक्सी चालवली, गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. 'त्यालाही हे स्थळ पसंत नाही,' असं बाईंनी सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

बाहेर झेकीचा आवाज आता बसला होता.

"हे बघा, तुमची पुस्तकातली बिरुदं मला येत नाहीत. टायमरची येतात. सतरा वर्षं मी त्याच्या गाडीत माणसं भरली. शेवटची म्हातारी चढल्याशिवाय गाडी न हलवणारा तो. रस्त्यात गोळ्या चालू असताना दिवे विझवून बाळंतिणीला दवाखान्यात नेणारा तो. माझ्यासारख्या उनाडाला कामाला लावणारा तो. टायमर, पोरगी तुझी आहे. तू नको म्हण, जातो आम्ही."

"पुरे झालं," म्हणत बाई खिडकी लावायला उठल्या आणि भावापाशी थबकल्या.

अल्फियसचा डावा हात खुर्चीबाहेर आला होता. पहिलं बोट जमिनीकडे रोखून ते हलवत होते. थांब, इथल्या इथेच जायचंय, घे मला. कॅटलेहाँग वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळते टॅक्सीवाल्याला करायची ही खूण. बाईंनी स्वतः चाळीस वर्षं रोज सकाळी हेच बोट दाखवून टॅक्सी थांबवली होती.

"हात कधीपासून हलतो याचा?"

"पहिल्यापासून, आत्या. त्याच हाताने जेवतात ते."

बाई किल्ली काढून फाटकाशी गेल्या.

"या आत," त्या झेकीला म्हणाल्या. "आणि आधी बूट पुसा."