तपासलेल्या वह्या

पाचवीतली मुलं उत्तर येत नसलं तरी हात वर करतात. सातवीत हात खाली येतात. नववीत कितीही कानीकपाळी ओरडा, आपलं बोलणं भिंतीला. माझ्या वर्गातली ही मुलगी तर कहर होती. सहामाहीचे पाचही पेपर तिने कोरे दिले. मी चारचौघांत तिच्यावर तोंडसुख घेतलं, तरी ढिम्म.

शेवटी मी मुख्याध्यापकांसाठी अहवाल लिहिला. मुलगी अभ्यासाबाबत उदासीन आहे, नववीतच ठेवावी. सही करण्याआधी पालकांना बोलवायचा नियम आहे. तिची आई आली. ती कपडे शिवते. तिने पिशवीतून पाचवीची, सातवीची आणि माझ्या विषयाची नववीची वही काढली. तिन्हींत एकेक पान दुमडलेलं होतं.

"एवढं वाचा बाई, मग खुशाल सही करा."

पाचवीच्या वहीत नद्यांच्या उत्तरात मध्येच एक ओळ होती, 'आज माझा वाढदिवस आहे.' शेजारी बरोबरची लाल खूण. सातवीत, 'मला हा धडा कळलेला नाही.' खाली शेरा, 'सुंदर अक्षर.' नववीत, बत्तिसाव्या पानावर, 'बाई, तुम्ही हे वाचत नाही ना?' त्याखाली माझी सही, तारखेसकट.

आमची तपासायची रीत अशी. साठ वह्यांचा गठ्ठा मधल्या सुट्टीच्या आत शिक्क्यासाठी ऑफिसात पोचला पाहिजे. एका हाताने पान उलटायचं, दुसऱ्याने खूण करायची. वाचत बसलं तर झालंच. हे मी तिच्या आईला सांगणार होते, पण जीभ रेटेना. लाज वाटली. रागही आला, कोणाचा ते कळेना.

आई गेल्यावर मी अहवाल फाडला आणि मुलीला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"तू लिहिलेलं मी वाचलं. चुकलं माझं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "कितव्या पानावरचं?"

"बत्तीस," मी छातीठोकपणे सांगितलं.

आता तिने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच. "आणि त्याच्या पुढचं?"

वही माझ्यासमोर टेबलावरच होती. आईने दुमडलेलं पान सोडून मी एकही पान उलटलं नव्हतं.

"जाऊ मी?" तिने विचारलं, आणि गेली.